लॅपटॉप घेताना आधी त्याची कड बघा

"भैय्या, लॅपटॉप कोणता घेऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पत्रकार माणूस, रोज लॅपटॉपवर बसतो, म्हणजे याला कळत असणार असा लोकांचा समज. मीही आजवर हौसेनं सांगत आलो. आजची पोस्ट मात्र एका चुकलेल्या सल्ल्याबद्दल आहे, आणि तो सल्ला माझाच होता.

ओळखीचा एक पोरगा सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन, किसान सन्मानची केवायसी, सगळं तिथं. त्याचा जाडजूड काळा लॅपटॉप आठ वर्षं चालला. पण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि त्या मशीनवर विंडोज 11 बसेना. मग नवा घ्यायला आम्ही दोघं नांदेडला गेलो.

दुकानदारानं दोन मॉडेल समोर ठेवले. एक जाडसर, दोन किलोच्या आसपास. बाजूला तीन साधे यूएसबी, एचडीएमआय, लॅनच्या वायरचं सॉकेट. दुसरा एकदम पातळ, सव्वा किलोचा, चकाचक. त्याला दोन टाईप-सी आणि एक हेडफोनचं भोक, बास. किंमत जवळपास सारखीच. पोरगं जाडसर मॉडेलकडं बघत होतं. मी म्हणालो, "अरे, हा पातळ घे. आता जमाना टाईप-सीचा आहे. बाकीच्यासाठी एक हब लाव, झालं."

त्यानं ऐकलं.

मार्च महिन्यात सहज केंद्रात चहाला गेलो. हळदीचे दिवस. समोर एक म्हातारी बसलेली, बोटं हळदीनं पिवळी आणि काम करून घासलेली. मालक वारले, वावर तिच्या नावावर आलं, किसान सन्मानची केवायसी राहिलेली. मोबाईल नंबर पुण्याला असलेल्या लेकाचा, म्हणून ओटीपीचा प्रश्नच नाही. अंगठाच द्यायचा होता.

तसंही घासलेल्या बोटाचा ठसा पटकन येत नाही. तीन-चार वेळा दाबावं लागतं, बोट पुसावं लागतं, बदलावं लागतं. तिसऱ्या वेळेला ठसा येतोय असं वाटलं आणि स्क्रीनवर आलं, डिव्हाइस सापडत नाही. हब काढला, लावला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच.

"सकाळपासून असंच करायलंय बघा भैय्या," पोरगं माझ्याकडं न बघता म्हणालं.

म्हातारी दोन तास बसली. मग म्हणाली, "राहू दे लेकरा, माझी जीप जाईल." आणि उठली. तिची ही दुसरी खेप होती, हे मला नंतर कळलं. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. शहरात कुणाला ते फार वाटणार नाहीत. तिला काय वाटत असतील ते मी सांगायची गरज नाही.

माझा चहा तसाच राहिला.

आता यात झालं काय, ते नीट सांगतो. जुन्या लॅपटॉपला तीन यूएसबी पोर्ट होते. साध्या यूएसबी 2 पोर्टातून 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3 मधून 900 मिलिअँपिअर करंट मिळावा असं मानक सांगतं. म्हणजे अंगठ्याच्या मशीनला स्वतःचा पोर्ट, स्वतःचा करंट. नव्या लॅपटॉपच्या दोन टाईप-सीपैकी एक चार्जरनं अडवला. उरलेल्या एकावर हब, आणि त्या हबवर अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, माऊस, डिजिटल सहीचा टोकन, वर लॅनची वायर. हबला स्वतःचा वेगळा चार्जर नसेल तर या सगळ्यांनी एकाच पोर्टाच्या करंटवर भागवायचं. एका नळावर अख्खी गल्ली लावल्यावर शेवटच्या घरी पाणी कसं येतं, तसं. त्यात हब स्वस्तातला, दुपारपर्यंत हाताला चटका बसेल इतका गरम व्हायचा.

टाईप-सीवाली अंगठ्याची मशीनं आता मिळतात. पण चांगलं चालणारं मशीन बाजूला टाकून पुन्हा दोन-तीन हजार घालायचे, ते कशासाठी? लॅपटॉप पातळ आहे म्हणून?

माझी चूक कुठं झाली ते घरी येताना कळलं. माझी पाठ दुखते. मी मोटारसायकलवर सेनगाव, कळमनुरी, वसमत करत फिरतो, मला हलका लॅपटॉप हवा असतो. त्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही. मी माझ्या पाठीसाठी लॅपटॉप निवडला आणि बिल त्यानं भरलं.

मित्रहो, टाईप-सी वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. 2014 साली आलेला हा पोर्ट उलटा-सुलटा कसाही बसतो. फोन आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर चालतात. लाईट गेली तर चांगल्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चार्ज होतो, हे सुख मी स्वतः भोगलंय. जुन्या गोल पिनच्या चार्जरची पिन तुटली की नांदेडशिवाय मिळायची नाही, ते दिवस आठवा. युरोपनं डिसेंबर 2024 पासून फोनला टाईप-सी सक्तीचा केला, लॅपटॉपसाठी एप्रिल 2026 ची मुदत ठेवली. आपल्याकडंही बीआयएसनं जानेवारी 2023 मध्ये त्याचं मानक जाहीर केलं. दिशा बरोबरच आहे.

भांडण आहे ते "फक्त टाईप-सी" याच्याशी. आणि हे भांडण आपण गावाकडचे मागासलेले म्हणून करतोय असंही नाही. अ‍ॅपलनं 2016 मध्ये मॅकबुक प्रोवरून एचडीएमआय, कॅमेऱ्याच्या कार्डाचा खाचा, साधा यूएसबी, सगळं काढून टाकलं. लाख-दीड लाखाच्या वर मोजणारे फोटोग्राफर, व्हिडिओवाले पाच वर्षं ॲडॉप्टर घेऊन फिरले आणि बोंबलत राहिले. शेवटी 2021 च्या 14 आणि 16 इंची मॉडेलला कंपनीनं एचडीएमआय आणि कार्डाचा खाचा परत दिला. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाची बोंब पोचली. सेवा केंद्रवाल्याची बोंब कुठं पोचणार?

आपल्या जिल्ह्यात जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालतं. अनेक सभागृहांत अजून निळ्या व्हीजीए वायरचेच प्रोजेक्टर टांगलेले आहेत. व्हीजीए 1987 चं. 2015 पर्यंत ते बंद करू असं इंटेल, एएमडी आणि मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी 2010 मध्येच सांगितलं होतं. कंपन्यांनी केलं बंद, पण छताला टांगलेला प्रोजेक्टर कोण बदलणार? एका बैठकीत साहेबांच्या नव्या लॅपटॉपला वायर लागेना म्हणून अर्धा तास सगळे एकमेकांकडं बघत बसलेले मी पाहिलेत. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होतेय, अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी मोजायला. अभिमान आहेच. पण त्याच जिल्ह्यात एका वायरीपायी बैठक अडते आणि एका हबपायी म्हातारी परत जाते, हेही खरं आहे.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. दोन टाईप-सी पोर्ट दिसायला सारखे असले तरी काम सारखं करतीलच असं नाही. एखादा फक्त डेटा देतो, एखाद्यातून चार्जिंग होतं, एखाद्यातूनच प्रोजेक्टर चालतो. पोर्टाशेजारची बारीक खूण बघा, नाहीतर दुकानातच लावून दाखवायला सांगा.

रॅमचंही तसंच. बऱ्याच पातळ लॅपटॉपला रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. आज 8 जीबी घेतली तर शेवटपर्यंत 8 जीबी. जुन्या लॅपटॉपला तीन वर्षांनी एक पट्टी टाकली की अजून तीन वर्षं निघायची. चार्जिंगचा पोर्टही बोर्डालाच डागलेला असेल आणि तो ढिला झाला, तर काम थेट मदरबोर्डवर जातं. आपल्याकडचा रिपेअरवाला कितीही हुशार असला तरी तिथं त्याचे हात बांधले जातात.

स्वतःच्या पैशानं घेणाऱ्यांनी एवढंच करावं. लॅपटॉपला रोज काय काय जोडता त्याची आधी कागदावर यादी करा. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, सहीचा टोकन, पेन ड्राईव्ह, प्रोजेक्टर, कॅमेऱ्याचं कार्ड. मग लॅपटॉपची कड बघा. यादी आणि कड जुळली तर प्रोसेसरचं बोला. किमान दोन साधे यूएसबी असू द्या. हब घ्यावाच लागला तर स्वतःचा चार्जर असलेला घ्या. फिरतीवर असाल तर पातळ घ्या, मी नाही म्हणत नाही.

सरकारी पैशानं घेणाऱ्यांना मात्र थोडं जास्त सांगायचंय. शाळा असो, ग्रामपंचायत असो की कार्यालय, खरेदीच्या कागदावर प्रोसेसर आणि रॅम ठळक असते. पोर्ट किती, रॅम वाढवता येते का, दुरुस्ती जिल्ह्यात होते का, हे तीन प्रश्नही तितकेच ठळक लिहा. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा समितीचे सदस्य ही पोस्ट वाचत असतील तर पुढच्या मागणीपत्रात या तीन ओळी घालाच. नंतर त्याच गावाच्या पैशातून हब आणि ॲडॉप्टर घेत बसावं लागतं.

म्हातारीचं पुढं काय झालं? पोरानं स्वतःचा चार्जर असलेला हब आणला, पैसे मी दिले. तेवढं तरी करायला पाहिजे होतं. चार दिवसांनी ती तिसऱ्यांदा आली. पाचव्या दाबाला ठसा आला. पोरानं मला फोन करून सांगितलं, "झालं भैय्या मायचं काम."

बरं वाटलं. पण त्या दिवशी परत गेलेली ती एकटीच नव्हती. बाकीचे आले का परत, हे मी त्याला विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

सेवा केंद्र, शाळा, कार्यालय चालवणाऱ्यांनी आपला अनुभव कमेंटमध्ये लिहावा. कोणता लॅपटॉप नीट चाललाय, कुठं अडलं, तेही सांगा. पुढचा माणूस "भैय्या, कोणता घेऊ?" विचारेल तेव्हा या वेळी तुमच्याकडून ऐकूनच सांगेन.