सात नंबरची वायर

शनिवारी सकाळी उठून चूळ भरली, तर निम्मं पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळून टी-शर्टवर. म्हटलं झोपेत असेन. परत भरली. परत तेच. मग आरशात बघितलं आणि झोप खाडकन उडाली.

चेहऱ्याची उजवी बाजू माझी होती, डावी कुणाची तरी होती. गाल लोंबल्यासारखा, ओठ खाली ओढलेला, डोळा टक्क उघडा. हसून बघितलं तर तोंड उजवीकडेच पळालं. डोळे मिटले तर उजवा मिटला, डावा अर्धवट उघडाच राहिला आणि आतलं बुबुळ वर निघून गेलं. स्वतःचंच असं ध्यान बघणं फार वाईट असतं हो.

डोक्यात पहिला शब्द आला तो लकवा. दुसरी आठवण आली ती आजीची. तिच्याबद्दल नंतर.

आता प्रामाणिकपणे सांगतो, त्या रात्री आमचं रिलीज होतं. आणि मी, अठ्ठाविशीतला इंजिनिअर, अर्धा चेहरा गेलेला असताना असा विचार करत होतो की हात-पाय तर चालतायत, टायपिंग जमतंय, कॅमेरा बंद ठेवू, सोमवारी बघू डॉक्टरचं. शिवाय नेटवर वाचलं होतं की हात-पाय ठीक असतील तर 'ते' नसतं. (हे चूक आहे. पुढे येतंच आहे.) माझा रूमी चहाचा कप घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, कप ठेवला आणि म्हणाला, "चप्पल घाल." मी रिलीजचं काढल्यावर त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. वीस मिनिटांत आम्ही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होतो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी किती वाजता सुरू झालं ते विचारलं. मग म्हणाल्या, "भुवया वर करा." केल्या. म्हणजे मला वाटलं केल्या. प्रत्यक्षात उजवी वर गेली, कपाळावर उजवीकडे आठ्या पडल्या, आणि डावीकडे कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, कपाळसुद्धा गेलं.

आणि मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे."

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जास्त बिघाड बघून खूश झालं होतं. आमच्याकडे असं कधी होत नाही.

त्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगत सुटलोय. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस म्हणजे सातवी क्रेनियल नर्व्ह. मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा नसांच्या एकूण १२ जोड्या. आता गंमत अशी की ओठ-गाल हलवायचा हुकूम मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून येतो, पण कपाळाला दोन्ही बाजूंकडून येतो. म्हणजे कपाळाला चक्क बॅकअप लाईन आहे! त्यामुळे पक्षाघातात मेंदूची एक बाजू बंद पडली तर ओठ वाकडा होतो, पण कपाळ बहुधा शाबूत राहतं. दुसऱ्या बाजूचा सप्लाय चालू असतो ना. पण दोन्ही लाईन एकत्र येऊन पुढे जी एकच वायर चेहऱ्याकडे जाते, तीच बंद पडली तर? तर बॅकअपचा काय उपयोग? कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं ठप्प. माझं कपाळ गेलं होतं, म्हणजे बिघाड बहुधा सर्व्हरमध्ये नव्हता, दारापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये होता.

"बहुधा" म्हटलं, कारण मॅडम एवढ्यावर थांबल्या नाहीत. मेंदूच्या देठात, जिथून ही सातवी निघते, तिथे शेजारी-शेजारी बाकीच्या नसांची मुळं असतात. तिथेच छोटा झटका आला तरी अख्खा अर्धा चेहरा जाऊ शकतो. मग ओळखायचं कसं? शेजाऱ्यांकडे चौकशी करून. म्हणून त्यांनी बाराच्या बारा तपासल्या, आणि मी आयुष्यातलं सगळ्यात सुंदर डीबगिंग फुकटात (म्हणजे कन्सल्टेशनच्या पैशांत) बघितलं.

पहिली वासाची. डोळे मिटायला लावून (एक मिटला) नाकाशी कॉफी धरली. वास जाणं म्हणजे काय हे २०२०-२१ मध्ये कोविडने घराघरात शिकवलं, फरक इतकाच की तेव्हा बिघाड मुख्यतः या नर्व्हपेक्षा नाकातल्या तिला आधार देणाऱ्या पेशींत होता. दुसरी नजरेची, तक्ता वाचा. तिसरी, चौथी आणि सहावी डोळे फिरवणाऱ्या, त्यामुळे बोटामागे नजर फिरवा, मान हलवू नका. यातली सहावी फार लबाड. कवटीच्या आतला दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी ही लांबलचक नस ताणून बंद पडू शकते आणि डोळा तिरळा होतो. म्हणजे एरर एका ठिकाणी, बग भलतीकडेच. ओळखीचं वाटतंय ना? माझ्या बाबतीत मात्र हीच महत्त्वाची होती, कारण मेंदूच्या देठात सातवीचे धागे सहावीच्या केंद्राला वळसा घालूनच बाहेर पडतात. तिथे आग लागली असती तर सहावीला झळ लागल्याशिवाय राहिली नसती. सहावी ठणठणीत होती.

पाचवी चेहऱ्याच्या स्पर्शाची आणि चावण्याची. गालावर कापूस फिरवला, दात आवळायला लावले. तेव्हा कळलं की माझा गाल हलत नव्हता पण त्याला कापूस नीट कळत होता. जाणीव वेगळ्या वायरवर, हालचाल वेगळ्या. (सलमान खानने २०११ मध्ये ज्या दुखण्यावर अमेरिकेत उपचार घेतले ते या पाचवीचं. ट्रायजेमिनल न्युराल्जिया. नुसत्या वाऱ्याच्या झुळकीने किंवा दात घासताना गालात विजेसारखी कळ जाते म्हणतात.) आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. ती सातवीच्या सोबत एकाच बोळातून जाते, म्हणून ट्यूनिंग फोर्क. तिथे गाठ असती तर ऐकण्यात फरक पडला असता. नववी-दहावीसाठी "आ" करा. दहावी ती व्हेगस, लॅटिनमध्ये अर्थ भटकी. गळ्यातून निघून छाती, हृदय करत थेट पोटापर्यंत उंडारते. अकरावी खांदे उडवण्याची, बारावी जिभेची.

अकरा पास, एक नापास.

मग त्यांनी कानात टॉर्च मारून पाहिलं. तिथे पुरळ असतं तर कांजिण्यांचाच व्हायरस परत जागा झालाय असा अर्थ. त्याला रॅम्से हंट सिंड्रोम म्हणतात, २०२२ मध्ये जस्टिन बीबरला झाला होता तो. पुरळ नव्हतं. निदान झालं बेल्स पाल्सी. चार्ल्स बेल हा स्कॉटिश सर्जन, त्याने १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांबद्दल लिहिलं, त्याचं नाव.

यात होतं काय, तर ही सातवी कानाच्या आसपासच्या हाडातून सुमारे ३ सेंटीमीटरच्या बोगद्यातून जाते. सगळ्यात अरुंद जागी त्याचा व्यास १ मिलिमीटरपेक्षाही कमी. नसेला सूज आली की बोगद्यात जागाच उरत नाही आणि ती स्वतःच्याच सुजेने चेंगरते. सूज का येते याचं पक्कं उत्तर नाही, ओठावर ताप उठवणाऱ्या हर्पीसच्या व्हायरसवर संशय आहे. आईने फोनवर "गार वारं लागलं असेल, बाईक चालवतोस ना" असं निदान केलं होतं. आईच्या निदानात बाईक असतेच.

आणि मग मला शुक्रवार आठवला. संध्याकाळी डाव्या कानामागे दुखत होतं. चहाला चव नव्हती, मी टपरीवाल्याला बोललोसुद्धा. रात्री कुकरची शिट्टी डाव्या कानात सुरीसारखी घुसली होती. तिन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या समजत होतो. पण जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव सातवीच्याच फांदीवरून जाते. मोठा आवाज आला की कानातलं इवलंसं हाड आवरून धरणारा स्नायूही सातवीचाच. या फांद्या बोगद्यातच फुटतात, म्हणजे तार त्यांच्याही अलीकडे दबली होती. सगळे लॉग आदल्या दिवशीच आले होते. वाचले कुणी?

औषध होतं स्टिरॉइडच्या गोळ्या. इथे वेळेचा मुद्दा येतो. २००७ मध्ये स्कॉटलंडमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५५१ पेशंटचा. सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के लोक पूर्ण बरे, त्या गोळ्या न घेणाऱ्यांत ८१.६ टक्के. म्हणजे बरेच जण आपोआपही बरे होतात, पण मधले तेरा टक्के रिलीज सांभाळत बसण्यात घालवायचे का, हा प्रश्न. माझा सोमवार ७२ तासांच्या अगदी काठावर आला असता.

घरी येताना मॅडमनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, डोळा जपा. डोळा उघडणारी नस तिसरी आणि मिटणारी सातवी, त्यामुळे माझा डोळा उघडत होता पण मिटत नव्हता. दिवसभर थेंब आणि रात्री पापणीवर चिकटपट्टी. दुसरी गोष्ट जरा कडक आवाजात. "कपाळाची परीक्षा आम्ही घ्यायची, तुम्ही नाही. तोंड वाकडं झालं की कपाळ बघत घरी बसायचं नसतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांतच देता येतं."

साडेचार तास.

आता आजी. मी आठवीत होतो, सुट्टीत वाईला. सकाळी देवपूजा करता करता आजी बोलायची थांबली आणि उजवीकडे कलली. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं ऊन, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली, एकजण लकव्यावर मालीश करणाऱ्याला आणायला गेला. हॉस्पिटलात नेलं तोवर संध्याकाळ झाली होती. कुणाची चूक म्हणून सांगत नाही, सगळ्यांचा जीव होता तिच्यावर. पण साडेचार तास कुणालाच माहीत नव्हते.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. हसली तर ओठ डावीकडेच जायचा. मात्र ती 'हो' म्हणायची भुवयांनी. दोन्ही भुवया एकदम वर. "आजी, भात देऊ?" भुवया वर. नको असेल तर डोळे मिटून घ्यायची. आम्ही पोरं मुद्दाम काहीही विचारायचो. "आजी, बाबा शाळेत नापास झाले होते ना?" भुवया जोरात वर, आणि बाबा चिडायचे. दोन वर्षं त्या घरात तिचं सगळं बोलणं दोन भुवयांवर चाललं. एवढं सगळं गेलं तरी भुवया कशा काय राहिल्या, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. आजीचा स्वभावच जिद्दी, असं समजून चाललो होतो.

आता कळलं. बॅकअप लाईन.

पुढचे आठवडे मी कॅमेरा बंद ठेवून कॉल केले. आपण बोलतो त्यातलं किती चेहऱ्याने बोलतो हे तेव्हा समजलं. माझी गंमत लोकांना गंमत वाटेना, सगळे विचारायचे, चिडलायस का? वाडग्याला ओठ टेकवून आमटी पिता येईना, प-फ-ब-भ सांडायला लागले. नेटवर दिलासा शोधताना ज्याँ क्रेतिएँ सापडला. तरुणपणापासून चेहऱ्याची एक बाजू लुळी. १९९३ च्या कॅनडातल्या निवडणुकीत विरोधकांनी जाहिरातीत त्याच्या त्याच चेहऱ्याचे क्लोजअप दाखवले. लोक इतके भडकले की जाहिरात मागे घ्यावी लागली. आधीच घसरत चाललेला तो सत्ताधारी पक्ष २ जागांवर आला आणि क्रेतिएँ दहा वर्षं पंतप्रधान राहिला. रूमीला सांगितलं तर म्हणाला, "तू आधी नीट चूळ भर."

तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा किंचित हलला. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत परत येते. आतले धागेच तुटले असतील तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने परत वाढतात, आणि वाढताना कधीकधी चुकीच्या घरी जातात. मग हसलं की डोळा मिटतो, किंवा जेवताना डोळ्यातून पाणी येतं. माझ्याकडे पहिला प्रकार आहे, थोडासा. जोरात हसलो की डावा डोळा बारीक होतो. नवीन लोकांना वाटतं मी डोळा मारतोय. असो.

सगळ्यात शेवटी आली ती भुवई. रोज आरशासमोर उभा राहून वर करायचो, उजवी जायची, डावी ढिम्म. दोन महिन्यांनी एका सकाळी दोन्ही गेल्या.

त्याच दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखं तिने विचारलं, "बरं वाटतंय का रे आता?"

मी काही बोललो नाही, दोन्ही भुवया वर केल्या.

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "भात खाल्लास का?"

मी परत केल्या.