आबांच्या वह्या आणि माझी सेलोटेप

आज पिकाचं नाही, वह्यांचं लिहितोय.

आमचे आजोबा, आबा, चौथी शिकलेले. पण रोज रात्री कंदिलाजवळ बसून दोन ओळी लिहायचेच. मृगाचा पाऊस कसा झाला, बाजरी कधी पेरली, बैल किती रुपयांना आणला. वारीला जातानाही वही पिशवीत. पाटसला तुकोबांची पालखी गाठायची, रोटी घाट चढायचा आणि वाटेनं कुणाचं पीक कसंय ते लिहायचं. वारीच्या वहीत विठ्ठलापेक्षा रानाच्याच नोंदी जास्त!

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पुण्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आबांच्या वहीत मात्र एवढंच, "पाटसचा कालवा कोरडा. पाव्हण्यांच्या उसाचं अवघड आहे."

आता माझी चूक सांगतो. १९७२च्या वहीची पानं फाटायला लागली म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी मी सेलोटेप लावली. यंदा विहीर अजून खोल करायची का, असा विषय निघाला. पुतण्या म्हणाला, "तात्या, दुष्काळात किती पाणी होतं ते आबांनी लिहिलंय ना?" वही उघडली. टेप पिवळी पडून सुटलेली, सोबत अक्षरंही घेऊन गेलेली. "वैशाखात विहिरीला" आणि पुढं "हात पाणी". मधला आकडाच गेला.

गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चं असंच आहे. १९०७ला ते काटछाट करून छापलं. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलं होतं, म्हणून १९६६ला दत्तो वामन पोतदारांना ते मुळाप्रमाणे छापता आलं. मूळ वही राहिली, तर चूक सुधारता येते.

म्हणून सांगतो, जुन्या वहीला टेप नको, लॅमिनेशन नको. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवा. वाळवी, कसर लागली का ते अधूनमधून बघा. दिवसा सावलीत पानापानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि दोन घरी ठेवा. फोटो काढले म्हणून वही रद्दीत घालू नका.

परवा विहिरीत दोरी सोडून मोजलं. सात हात पाणी. तारीख घालून माझ्या वहीत लिहिलंय. पुतण्याच्या नातवाला लागलं तर सापडावं.