गिरगावातील शिंपी

आफ्रिकेतील गवताळ माळांवर व काटेरी झुडपांतून चिमुकल्या वटवट्यांचे एक मोठे कुल नांदते. त्यांतील सिस्टिकोला वंशाच्याच सुमारे ५० जाती आहेत. या कुळातील एक आप्त आमच्या गिरगावच्या वाडीत, मोरीशेजारच्या उंबरावर, भाडेकरूच्या हक्काने राहत होता, हे वाचून कित्येकांस नवल वाटेल. तो म्हणजे शिंपी. आनुवंशिक परीक्षणांनी हे नाते अलीकडे पक्के केले.

पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपटी उभी. वजन तोळाभरही नाही, पण हाक वाडीभर ऐकू जाते! रुंद पानाच्या कडांना मादी चोचीने भोके पाडते, कोळ्याच्या जाळ्याचे व कापसाचे धागे ओवते आणि पानाचा पुडा शिवते. कापूस बहुधा काकूंच्या वातींचा असे. डॉ. सालिम अलींचे बालपण जवळच खेतवाडीत गेले. त्यांनाही ही हाक परिचित असणारच.

गतवर्षी वाडी पाडण्याचे ठरले. कंत्राटदाराची माणसे आली तेव्हा पुड्यात पिल्ले होती, डोळेही न उघडलेली. काकू म्हणाल्या, "बाबांनो, पिल्ले उडेपर्यंत या फांदीस हात लावू नका." गुरुवारी पूजा होणारा उंबर, ती माणसेही बिचकली आणि पंधरवडाभर दुसऱ्या बाजूस काम करीत राहिली.

पिल्ले उडाली. दुसऱ्या दिवशी उंबर पडला.

परवा खोताच्या वाडीतून जाताना एका कौलारू घराच्या कुंड्यांपाशी तीच हाक ऐकू आली. काकू हातातली पिशवी खाली ठेवून कितीतरी वेळ तेथेच उभ्या राहिल्या.