हिरवं टाळतो, वाळलेलं खातो

वाळलं की विष गेलं, हा आपल्याकडचा समज ज्वारीने पक्का केला आहे आणि ज्वारीपुरता तो बव्हंशी खराही आहे. पावसाने ओढ दिली की कोवळ्या, सुकलेल्या धांड्यात हायड्रोसायनिक आम्ल वाढतं, बैलाला किराळ लागते. तीच ज्वारी पक्व होऊन नीट वाळली की हे विष बरंचसं उडून जातं आणि यवतमाळचा शेतकरी वर्षभर कडबा निर्धास्त घालतो. घात होतो तो हाच अनुभव कण्हेरीला लावल्यामुळे. कण्हेरीचं विष थेट हृदयाची लय बिघडवतं आणि पान कडकडीत वाळलं तरी ते तसंच राहतं. कमी होतो तो कडवटपणा. शरीराच्या वजनाच्या सुमारे 0.005 टक्के वाळलेली पानं प्राणघातक ठरतात. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला 17-18 ग्रॅम पुरतात. त्यात घोड्याला ओकता येत नाही. एकदा गिळलं ते बाहेर पडत नाही.

मुक्या जनावराला उपजत कळतं, असं मालक म्हणतात. हिरव्या कण्हेरीबाबत ते बरोबर आहे. पोट भरलेला घोडा तिला तोंड लावत नाही. पण छाटणीची पानं गवतात मिसळली की निवडायला वाव उरत नाही, आणि भुकेपुढे चव हरते. एप्रिल-मे महिन्यांत धुरे उजाड असतात, नाल्याकाठी बेशरम तेवढी हिरवी दिसते. त्याच दिवसांत लग्नसराई असते. वरातीचा घोडा उपाशीपोटी मंगल कार्यालयाच्या शोभेच्या कुंपणाशी तासन्‌तास बांधलेला असतो. तिथे उपजत शहाणपणावर भिस्त ठेवणं म्हणजे आपली जबाबदारी जनावरावर ढकलणं आहे.

मग अशी झाडं उपटूनच का टाकू नयेत? कण्हेर महादेवाला वाहतात, दुष्काळातही ती तग धरते, म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांतही लावतात. एरंडी तर पीकच आहे, जरी तिच्या बिया घोड्याला फार घातक असल्या तरी. झाड जागेवर राहू द्यावं, छाटणी मात्र खोल पुरावी. जाळू नये, धूरही विषारी असतो. घोडा बांधण्याआधी त्याला पोटभर चारावं आणि बाहेरून आणलेला चारा पसरून, हाताने चाळून मगच गव्हाणीत टाकावा. तरीही पान पोटात गेल्याचा संशय आला, तर घोड्याला चालवू-पळवू नये. स्वस्थ उभं ठेवून लगेच पशुवैद्याला बोलवावं. या विषबाधेवर उपचार अवघड आहे, ती टाळणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.