उचंत खाते

बँकेत ज्या रकमेचे नक्की घर सापडत नाही, ती रक्कम संध्याकाळी उचंत खात्यात टाकायची पद्धत आहे. पैसे आले आहेत हे खरे, पण ते कोणाचे आणि कशाचे, हे कळत नाही. अशी रक्कम बिचारी तिथे पडून राहते. तिला व्याज नाही, तिची कोणी विचारपूस करत नाही आणि तपासनीस आला की पहिले बोट मात्र तिच्याकडेच! गेली बावीस वर्षे मी अशा रकमा त्या खात्यात टाकत आलो. पण एक दिवस आपल्यालाच कोणी तिथे टाकील, हे काही ध्यानात आले नव्हते. बी. कॉम.च्या पुस्तकात तो धडाच नव्हता.

झाले असे की, माझी जळगावहून धुळ्याला बदली झाली.

"धुळ्याला? एवढंच ना!" ज्याला सांगावे तो असे म्हणे. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यामुळे 'घरापासून लांब' या शब्दांची मालकी आमच्या गल्लीत त्यांच्याकडे आहे. आणि खरेच, जळगाव ते धुळे अंतर ते किती? पंच्याण्णव किलोमीटर. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे मोजत गेले की अडीच तासांत एस. टी. धुळ्याच्या स्टँडवर. पण लांब असण्याचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तो शेवटच्या गाडीवर असतो. पहिला महिनाभर मी 'अप-डाऊन' करून पाहिले. रोज पाच तास एस. टी.त बसून तिसऱ्या आठवड्यात अशी पाळी आली की, घरी जेवताना ताट हलत नाही म्हणून घास तोंडात जाईना! अखेर आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही तिथेच खोली बघा. नाहीतरी इथे तुम्ही नुसते झोपायला येता."

हिची शाळेतली नोकरी, चिरंजीवांची दहावी आणि आईचे गुडघे ही आमची स्थावर मालमत्ता. ती जळगावातून हलणे शक्य नव्हते. जंगम म्हणावी अशी मालमत्ता एकच, ती म्हणजे मी. ती हलली.

धुळे हे गाव बँकेच्या माणसाची सोय बघून वसवले असावे. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यांना चक्क नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच! खोली शोधायला निघालो तेव्हा आपण गावात नसून खतावणीत हिंडतो आहोत असा भास झाला. खोली मिळाली. घरमालक आप्पा पंचाहत्तरीचे, कायम ओट्यावर बसलेले. संध्याकाळी मी कुलूप काढायला लागलो की त्यांचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, जेवन व्हयनं का?"

आता संध्याकाळचे सात वाजलेले, हातात कुलूप, खांद्याला पिशवी. जेवण होणार कुठून? मी रोज प्रामाणिकपणे "नाही हो आप्पा, अजून व्हायचंय" असे उत्तर द्यायचो. तो प्रश्न जेवणाबद्दल नसतो, हे कळायला मला दोन महिने लागले. त्यापुढचा प्रश्न मात्र खरा होता, "एखला काय करस रे भाऊ?"

एकटा माणूस काय करतो? सोमवारी खिचडी करतो. मंगळवारी तिचे नाव बदलून मसालेभात म्हणतो. बुधवारी स्वयंपाकाचा कंटाळा येऊन खानावळीत जातो आणि शेवभाजी मागवतो. तिचा रंग पाहूनच कपाळाला घाम येतो आणि पहिल्या घासाला त्याचे कारण कळते. गुरुवारी बुधवारच्या प्रायश्चित्तासाठी ताक पितो. शुक्रवारी पुन्हा सोमवार.

करमणुकीचे म्हणाल, तर खोलीत टी. व्ही. नाही. पण रात्री साडेआठला जळगावात आई आणि ही मिळून एक मालिका पाहतात. तेव्हा मी एक योजना काढली. तिकडे फोनचा स्पीकर चालू करून तो टी. व्ही.जवळ ठेवायचा. इकडे माझ्या कानाला फोन आणि समोर चिरंजीवांचा जुना टॅब. म्हणजे सगळे कुटुंब एकत्र बसल्यासारखे! योजना उत्तम होती. फक्त माझा टॅब त्यांच्या टी. व्ही.पेक्षा चाळीस सेकंद मागे चाले. परिणामी माझ्या पडद्यावर सून देवापुढे शांतपणे दिवा लावत असे आणि त्याच वेळी कानात आई ओरडे, "ओ माय वं! पडनी ना!" मग मी चाळीस सेकंद त्या बिचारीकडे बघत बसायचो. ती पडणार हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे. ब्रह्मदेवाला हेच काम रोज करावे लागत असेल तर त्याने निवृत्ती का घेतली, हे मला कळले.

एकदा मात्र कानात तिघांचेही खदखदून हसणे आले. चिरंजीव तर थांबेचनात. मी पडद्याकडे डोळे लावले. चाळीस सेकंद झाली, पन्नास झाली, मिनिट झाले. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली. मी विचारले, "अगं, हसलात कशाला?"

"काही नाही हो," ही हसू आवरत म्हणाली, "असंच. इथलंच काहीतरी."

इथलंच! त्या रात्री मला प्रथमच कळले की, पंच्याण्णव किलोमीटर म्हणजे किती.

राहिला रविवार. २०१५ सालच्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला. पहिल्या-तिसऱ्याला संध्याकाळपर्यंत काम. म्हणून एखादा रविवार धुळ्यातच काढावा लागे. धुळ्यात एकट्या माणसाने वेळ कसा घालवावा, याचे दाखले फार भारी आहेत, हीच पंचाईत. पत्नी लवकर गेल्यावर पुन्हा संसार न मांडता गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे अखेरीस धुळ्यातच होते. १९२६ च्या डिसेंबरात ते इथेच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. पुढे १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून असे अठरा रविवार गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याची 'गीता प्रवचने' झाली. मी धुळ्यातले माझे रविवार मोजून पाहिले. तेही अठराच भरले. त्यांत बनियन धुतले. अमळनेरच्या छात्रालयात घरापासून दूर आलेल्या पोरांची अंथरुणे आवरणारे गुरुजी आठवत मी माझे अंथरूण तेवढे आवरले.

आणि घरी जावे, तर तिथे निराळाच घोटाळा. मी येणार म्हणून हिरव्या वांग्यांचे भरीत, दादरची भाकरी, कधी वरण-बट्टी. चिरंजीव मला पाहून खुर्चीवरून उठतात. आई विचारते, "पंखा जास्त करू का?" ही तर रागावतच नाही! ओला टॉवेल गादीवर टाकला तरी मुकाट्याने उचलते. वीस वर्षे ज्या टॉवेलवरून आमचे महायुद्ध चालले, तो टॉवेल मुकाट्याने उचलला जाताना पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. मी घरात पाहुणा झालो होतो. जमा नाही, नावे नाही. उचंत!

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. सुरत, मुंबई, पुणे, कुठेही असला तरी माणूस रोटांना घरी येतोच. रोटांच्या गव्हाचा हिशेब मोठा कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही नावाने सव्वा मूठ गहू. आणि तो प्रसाद भाऊबंदकीतच खायचा, परक्याला नाही.

त्या वर्षी तो शनिवार नेमका तिसरा निघाला. त्यात कॅशमध्ये अठरा रुपयांचा फरक. तो सापडून टॅली होईपर्यंत अंधार पडला. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि गहू मोजून, दळून, पीठ डब्यात भरून झाले होते. मी पायावर पाणी घेतले आणि सहज विचारल्यासारखे आईला विचारले, "आई, माझी मूठ धरली ना?"

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. बँकेतल्या कोणत्याही तपासनिसाने मला असे पाहिलेले नाही.

"तू काय पाव्हना शे का रे?" ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत पेपर उघडून बसलो होतो. हातात लाह्यांचे सूप, कमरेला पदर खोचलेला, अशी ही समोर उभी राहिली. "अहो, बसलात काय? उठा त्या खुर्चीवरून. पाहुणे यायचेत, त्यांना बसायला नको का? आणि तो टॉवेल! किती वेळा सांगायचं माणसाला?"

मी टॉवेल उचलला. वीस वर्षांत इतक्या आनंदाने मी तो कधी उचलला नव्हता.

सोमवारी रजा होती, कानबाईला निरोप दिला. मंगळवारी पहाटेच्या गाडीने धुळे गाठून बँक आणि संध्याकाळी सात वाजता खोली. आप्पा ओट्यावर होतेच.

"भाऊ, जेवन व्हयनं का?"

पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हते. खिचडीचे तांदूळसुद्धा निवडायचे होते. पण मी कुलूप काढता काढता म्हणालो, "व्हयनं, आप्पा. व्हयनं."