चांदणी चौकांतील आठ वाटा

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी-रामेश्वराचें, निदान महाबळेश्वराचें तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचें हें प्रवासवर्णन मात्र कोथरुडांतील त्याच्या घरापासून मोटारसायकलीनें दहा मिनिटांच्या अंतरावर सुरू होतें आणि जवळजवळ तेथेंच संपतें. तरीहि तें लिहावेंसें वाटलें. कारण सारें आयुष्य मुलांना वाट दाखविण्यांत घालवून निवृत्त झाल्यावर ज्या ठिकाणीं मी स्वतः वाट चुकलों, आणि ती चूक दुरुस्त करण्याच्या नादांत एका निरपराध मुलाचा हात मोडण्यास कारण झालों, तें ठिकाण हेंच होय.

चांदणी चौक हें नांव ऐकून परगांवचा मनुष्य कांहीं रम्य कल्पना करील, तर तो फसेल. पुण्याच्या पश्चिमेस, मुंबईहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहरास वळसा घालून जातो. कोथरुडाहून चढत येणारा पौड रस्ता, पाषाण-बावधनाकडील रस्ता, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडील रस्ता आणि मुळशीकडे जाणारा रस्ता, हे सर्व त्याला येथें येऊन भेटतात. पूर्वीं ह्या सर्वांच्या वाट्यास महामार्गावरून पलीकडे जाणारा एकच अरुंद पूल होता. मुळशीस जाणारा, पाषाणास जाणारा आणि नुसताच फिरावयास निघालेला, असे सर्व त्याच्या तोंडाशीं एकमेकांचे भोंगे ऐकत उभे असत. हा पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजीं मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून उडविण्यांत आला. मौज अशी कीं, स्फोट होऊनहि तो पुरता पडला नाहीं. उरलेला भाग यंत्रांनीं तोडून काढावा लागला. आमच्या पेशांतले कांहीं लोक असेच निवृत्तीची नोटीस मिळाल्यावरहि खुर्ची सोडीत नाहींत, त्यांची मला त्या वेळीं आठवण झाली. पुढें १२ ऑगस्ट २०२३ रोजीं नवें बांधकाम लोकांस खुलें झालें, आणि त्यांत महामार्गावर चढण्याउतरण्यासाठीं आठ वाटा आल्या. ह्या वाटांस सर्वत्र ‘रॅम्प’ असेंच म्हणतात. माझ्या संस्कृत कानाला ‘अवतरण’ हा शब्द अधिक बरा वाटला होता. पण अवतरण म्हणतांच मुलांना संदर्भासह स्पष्टीकरणाचा प्रश्न आठवतो, असें नातवानें सांगितल्यावरून तो मीं मागें घेतला.

त्याच नातवानें आपल्या फोनवर ह्या ठिकाणचा वरून घेतलेला नकाशा दाखविला. आमच्या घरांतून लगेच उद्गार आला, “अगोबाई, ही तर ठिपक्यांची रांगोळी!” उपमा अगदीं बरोबर होती. परंतु रांगोळी वरून पाहणाऱ्यासाठीं असते. तिच्या रेघेवरून चालणाऱ्या मुंगीला ती दिसत नाहीं. जुन्या चौकांत खोळंबा होता खरा, पण जायचें ठिकाण डोळ्यांसमोर असे. नव्या रचनेंत उजवीकडे जायचें असलें तरी बहुधा आधीं डाव्या बाजूनें बाहेर पडावें लागतें, आणि मग पुलावरून किंवा पुलाखालून वळसा घालून इच्छित दिशा गांठावी लागते. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें जातात, तेव्हां ही व्यवस्था शास्त्रशुद्धच आहे. पण चाळीस वर्षें ‘उजवीकडे जायचें म्हणजे उजवीकडे वळायचें’ ही संवय लागलेल्या म्हाताऱ्याच्या हाताला हें शास्त्र पटण्यास वेळ लागतो.

सन २०२४ च्या श्रावणांतली गोष्ट. वारज्याकडे आप्तांच्या घरीं सत्यनारायण होता. तेथून संध्याकाळीं मी एकटाच मोटारसायकलीनें परतत होतों. पाऊस नुकताच थांबला होता. कोथरुडाकडे नेणारी वाट माझ्या डाव्या हातास आली, पण पाटी वाचण्याच्या नादांत आणि शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या धाकानें मी तिचें तोंड ओलांडून पुढें गेलों. फार नाहीं, साठसत्तर पावलें. मागें वळून पाहिलें तों वाट तेथेंच दिसत होती. घरचा दिवा दिसावा तशी. पुढें जावें तर सूस-पाषाणच्या पुलापर्यंत कित्येक किलोमीटर जाऊन परत यावें लागणार. मीं गाडी कडेला घेतली, वळविली, आणि कडेकडेनें, वाहनांच्या समोरून, उलटा निघालों.

ती साठ पावलें पुरतीं झालीं नाहींत. एका टेंपोच्या आडून एक तरुण मोटारसायकलस्वार त्याच वाटेनें उतरण्यासाठीं डावीकडे आला, आणि त्याच्या पुढ्यांत मी! त्यानें ब्रेक दाबला. खालीं रस्त्यावर रंगवलेला पांढरा पट्टा ओला होता. पुढचें चाक निसटलें आणि तो गाडीसकट आडवा झाला. डोक्याला हेल्मेट होतें म्हणून डोकें वांचलें. डावें मनगट मोडलें. मी धांवत गेलों, तेव्हां पडल्या पडल्या त्यानें मला विचारलें, “आजोबा, तुम्हांला लागलं नाहीं ना?”

आजवर मला अनेकांनीं अनेक प्रकारें शरमिंदें केलें आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत कोणीं केलें नाहीं.

त्याला दवाखान्यांत नेलें, खर्च केला, प्लॅस्टर निघेपर्यंत दर आठवड्यास त्याच्या खोलीवर जाऊन येत असें. तो पिरंगुटकडे एका कारखान्यांत कामाला होता. बुडालेला पगार त्यानें माझ्याकडून मोठ्या मिनतवारीनें घेतला. त्यानें तक्रार केली नाहीं, आणि मीं पोलिसांत वर्दी दिली नाहीं. हा माझा दुसरा अपराध होय. कारण अपघातांत कोणास इजा झाली तर त्याची वर्दी चोवीस तासांच्या आंत जवळच्या ठाण्यांत देणें हें मोटार वाहन कायद्यानें चालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे. आणि वाहनांच्या ठरलेल्या ओघाविरुद्ध गाडी हांकणें हें सन २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक हांकण्यांतच मोडतें; पहिल्या अपराधासही सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीं, अशी शिक्षा आहे. ‘कडेकडेनेंच तर गेलों’ हा बचाव कायद्यांत कोठेंहि नाहीं. मीं शोधला होता.

घरीं मात्र मीं एवढेंच सांगितलें कीं, “एका मुलाची गाडी घसरली, त्याला दवाखान्यांत पोहोंचवून आलों.” वाक्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. सूनबाईंनीं कौतुक केलें, शेजाऱ्यांनींहि केलें. धर्मराजाच्या अर्ध्या सत्यानंतर त्याचा रथ जमिनीला टेकला, असें मीं वर्गांत किती वेळां शिकविलें असेल! आमची मोटारसायकल तर आधींच जमिनीवर होती. तिला टेकण्यास जागाहि उरली नव्हती.

हें असेंच दडून राहिलें असतें. परंतु गेल्या वर्षीं नातवास अठरा पुरीं झालीं, त्याला गिअरच्या गाडीचा पक्का परवाना मिळाला, आणि त्याचें कॉलेज महामार्गाच्या पलीकडे. सूनबाईंना रात्र रात्र झोंप येईना. शेवटीं त्या माझ्याकडे आल्या. “बाबा, दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाहीं. तो चौक तुम्हीं त्याला शिकवा. तुम्ही तर लोकांची पडलेलीं मुलं उचलून आणतां.”

त्या वाक्यानें माझी झोंप गेली.

रविवारीं सकाळीं सहाला, रहदारी कमी असतांना, आम्ही निघालों. पहिल्या फेरीस मी पुढें, तो मागें; दोघांच्याहि डोक्यास आय. एस. आय. चिन्हाचें हेल्मेट, आणि त्याचा पट्टा हनुवटीखालीं आवळलेला. मागें बसणाऱ्यासहि तें सक्तीचें आहे. तें नसलें तर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द, असें कायदा म्हणतो. पण पट्टा न आवळलेलें हेल्मेट पडतांना मालकाच्या आधींच निघून जातें, ही गोष्ट दंडाहून महत्त्वाची.

वळणाचें गणित आदल्या रात्रींच कागदावर करून झालें होतें. तीस मीटर त्रिज्येचें वळण समजा. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें तें घेतांना गाडी सुमारें १९ अंश कलवावी लागते. वेग ५४ केला, म्हणजे दीडपट, तर ३७ अंशांच्यावर! वेग दीडपट होतो तेव्हां वळणाची मागणी सव्वादोन पट होते, कारण तेथें वेगाचा वर्ग येतो. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर टायर ही मागणी कदाचित् पुरवील. पण रॅम्पवर जागोजागीं लोखंडी सांधे असतात, वळणावर अवजड गाड्यांचें डिझेल सांडलेलें असतें, डंपरमधून पडलेली खडी कडेला जमते, आणि पहिल्या पावसांत सर्वांवर तेलकट साय येते. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं, गाडी सरळ उभी असतांना. आंत शिरल्यावर हात स्थिर ठेवावा, क्लच दाबून गाडी मोकळी सोडूं नये, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवतां वळण जेथें सुटतें तेथें ठेवावी. जेथें नजर जाते तेथें गाडी जाते. कठड्याकडे पाहणारा कठड्याकडेच जातो, हें मीं दोन ठिकाणीं त्याला प्रत्यक्ष करून दाखविलें, अर्थात् थोडक्यांत.

खरी परीक्षा असते ती रॅम्प जेथें महामार्गास मिळतो तेथें. तेथें मला माझें व्याकरण उपयोगी पडलें. संधि म्हणजे दोन वर्ण जवळ आले कीं कोणीतरी एकानें आपलें रूप सोडावयाचें. ‘वने’ पुढें ‘अत्र’ आलें म्हणजे ‘वनेऽत्र’ होतें. येणाऱ्या ‘अ’ला निमूटपणें माघार घ्यावी लागते, आणि त्याची खूण म्हणून एक अवग्रह तेवढा उरतो. महामार्गावर आधींपासून असलेला तो ‘ए’, आणि रॅम्पवरून येणारे आपण ‘अ’. हक्क त्याचा, माघार आपली. नातू म्हणाला, “आबा, अवग्रह होण्याइतकी माघार नको हं!” मुलगा हुशार आहे. म्हणूनच रॅम्पवर असतांनाच दिशादर्शक दिवा लावावा, आरसा पाहावा, आणि आरशावर विसंबून न राहतां एकदां मान वळवून खांद्यावरून पाहावें. कारण शेजारची अख्खी मालमोटार आरशाच्या कोपऱ्यांत नाहींशी होऊं शकते. वेग वाढविण्यापुरती पट्टी असेल तर तेथें डाव्या ओळीच्या वेगाशीं आपला वेग जुळवून मोकळ्या जागेंत शिरावें. पट्टी आंखूड असेल तर तोंडाशीं वेग कमी करून, प्रसंगीं थांबून, जागा मिळेपर्यंत वाट पाहावी. पट्टीच्या मध्यावर मात्र दचकून थांबूं नये. मागचा मनुष्य आपण जाणार ह्याच समजुतीनें उजवीकडे पाहत येत असतो. ताशीं साठच्या वेगांत एका सेकंदांत गाडी सतरा मीटर जाते. सतरा मीटर म्हणजे आमच्या जुन्या शाळेचे दोन वर्ग.

मुंबईच्या बाजूस फार पुढें गेल्यास आणखी एक पथ्य आहे, तें त्याला तोंडी सांगितलें. किवळ्याशीं महामार्गास फांटा फुटतो. तेथून निघणाऱ्या द्रुतगतिमार्गावर दुचाकीस मज्जाव आहे, तेव्हां चुकूनहि त्या रॅम्पवर चढूं नये. आपली वाट देहूरोड, तळेगांव, वडगांव अशी जुन्या रस्त्याची. समृद्धि महामार्गावरहि दुचाकीस बंदीच आहे. ज्यांचा परवाना साठीनंतर पांच पांच वर्षांनींच वाढतो, आणि तोहि डॉक्टरच्या दाखल्यावर, त्या माझ्यासारख्यांस त्या वेगाची हौसहि नसावी.

दोन फेऱ्या झाल्यावर आम्ही वारज्याकडून आलों आणि तीच वाट डाव्या हातास आली. ह्या खेपेस ती बरोबर घेतली. वर येऊन, रॅम्प संपून बराच पुढें गेल्यावर, एका चहाच्या टपरीशेजारीं गाडी लावली. तेथून खालचा तो पांढरा पट्टा दिसत होता. चहा घेतां घेतां मीं त्याला सर्व सांगितलें. उलटें चालविल्याचें, मनगटाचें, वर्दीचें, आणि घरीं बोललेल्या वाक्याचें. तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “आईला मी सांगूं कीं तुम्ही सांगणार?”

“मीच सांगेन,” मी म्हणालों. त्याच दुपारीं सांगितलेंहि. सूनबाईंनीं ऐकून घेतलें, पानावर भात वाढला, आणि त्या दिवशीं माझ्याशीं आणखी एक शब्दहि बोलल्या नाहींत. त्या मुलाला मात्र दिवाळीस घरीं जेवावयास बोलाविलें, तें त्यांनींच.

पुढच्या महिन्यांत एके संध्याकाळीं नातू कॉलेजमधून नेहमींपेक्षां अर्धा तास उशिरां आला. तोंवर सूनबाईंच्या दारापर्यंत चार खेपा झाल्या होत्या, चहा निवून गेला होता. तो आला, हेल्मेट काढून खुंटीला लावलें, आणि पायांवर पाणी घेतां घेतां म्हणाला, “रॅम्प चुकला, आई. सूसला जाऊन आलों.”

सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें आणि चहा पुन्हां चुलीवर ठेवला.