आम्ही पेट्या बसवतो

पेटी हा शब्द आमच्या घरात आजवर तीनच अर्थांनी वापरला गेला. पहिली माझ्या वडिलांची बाजाची पेटी. तिच्यावर ते दर गुरुवारी एकच अभंग वाजवीत आणि शेजारी दर गुरुवारी फिरायला जात. दुसरी आंब्याची, ती भाव उतरल्यावर, म्हणजे शेजाऱ्यांचे आंबे खाऊन संपल्यावर येई. तिसरी माझ्या बँकेतल्या एका ग्राहकाच्या तोंडची. तो 'दोन पेट्या कर्ज द्या की साहेब' म्हणाला, तेव्हा मी त्याला देवगडचे का रत्नागिरीचे असं विचारलं होतं. चौथा अर्थ मला साठी उलटल्यावर कळला आणि तो सगळ्यांत महाग पडला.

त्याचं असं झालं की निवृत्त झाल्यावर मी मोटारसायकल घेतली. साधी नव्हे, 'ॲडव्हेंचर टूरर'. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ती मला जाहिरातीचे पैसे देणार नाही. गाडी उंच, वजन दोनशे किलोच्या घरात, आणि चाकं अशी की त्यांना रस्त्याची फारशी गरज वाटू नये. (आमच्या पुण्यात हा गुण उपयोगी पडतो.) ही गाडी घेऊन लडाखला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही तिघा निवृत्तांनी बागेतल्या बाकावर बसून ठरवलं. तिघांचे मिळून गुडघे सहा, पैकी चालू स्थितीतले साडेतीन. पण बाकावर बसलं की सहाही उत्तम चालतात.

लडाखला जायचं म्हणजे सामान आलं, आणि सामान आलं की पेट्या आल्या. चिरंजीवांनी मला एक मालिका दाखवली. २००४ साली ईवन मॅक्ग्रेगर हा नट आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन लंडनहून पूर्वेकडं निघाले आणि मोटारसायकलवरून न्यूयॉर्कला पोचले. त्यांच्या गाड्यांना दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या होत्या. तेव्हापासून जगभर अशा गाडीला अशी पेटी नसेल तर ती बाशिंगाशिवाय उभ्या असलेल्या नवरदेवासारखी दिसू लागली.

या पेटीला 'पॅनिअर' म्हणतात. मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन शब्द, अर्थ पावाची टोपली. आपला पावसुद्धा पोर्तुगीजांच्या हातून त्याच घराण्यातून आला. म्हणजे गोव्यात पहाटे सायकलच्या मागं टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पोदेर हाच खरा पॅनिअरवाला. एवढं संशोधन मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग येताना पाव आणा."

आता निवड. पेट्या तीन जातीच्या : धातूच्या, प्लॅस्टिकच्या आणि कापडी. प्रत्येक जातीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. धातूवाले म्हणतात, गाडी पडली तर पेटी चेपते, पण दगडानं ठोकून सरळ करता येते. शिवाय मुक्कामी तिच्यावर बसून चहा पिता येतो. प्लॅस्टिकवाले म्हणतात, आमची हलकी आणि चेपत नाही. त्यावर धातूवाले म्हणतात, चेपत नाही, तडकते. कापडीवाले हे त्यांतले वेदान्ती. त्यांचं म्हणणं असं की गाडी पडणारच हे धरून चाला. टणक पेटी असली आणि खडकाळ वाटेवर पाय खाली टेकवलात, तर मागून येणारी पेटी पोटरीला गाठते आणि पाय तिच्याखाली अडकतो. मऊ पिशवी नुसती लागते. मला हे पटलं होतं. पण कापडी पिशवीला कुलूप नसतं, आणि पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कुलूप नसलेल्या वस्तूत सामान ठेवून झोप लागत नाही. मी धातूच्या घेतल्या. डावी पंचेचाळीस लिटरची आणि उजवी अडतीसची, कारण उजवीकडं सायलेन्सर, त्याला जागा द्यायला पेटीचा कोपरा कापलेला. शिवाय मागं बसवायला एक वरचा डबा.

कपडे लिटरमध्ये कसे मोजायचे हे मात्र मला कळेना. बनियन किती मिलिलिटरचा? लिटरचा जाणकार आमच्या ओळखीत एकच : दूधवाले मामा. ते मुळशीकडून रोज पहाटे जुन्या मोटारसायकलला दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवून येतात. मी त्यांना माझ्या पेट्या दाखवल्या. त्यांनी डावी बोटानं वाजवली, उजवी वाजवली आणि मापाची पळी हातात ठेवूनच सांगितलं :

"काका, लिटर बगू नका, वजन बगा. दोन्ही अंगाला सारकं. एका कॅनचं दूध इकत गेलं तर गाडी दुसऱ्या अंगाला वडती. म्हनून एक माप हिकडचं, एक तिकडचं. जड ते खाली आन् म्होरल्या बाजूला, हलकं ते वर. आन् मागच्या डब्यात जड काय घालूच नका, गाडीचं तोंड हलकं हुतं. आनि एक. हँडल जिथनं निगतं तिथनं कॅन निगंलच असं न्हाई. कॅन बगून गाडी घाला."

पुढं मी या विषयावर बरंच वाचलं, जाणकारांशी बोललो. एकानंही यात भर घातली नाही. फक्त त्यांनी वेळ जास्त घेतला.

पेट्या अडकवायला आधी गाडीला नळ्यांची चौकट लावावी लागते. ते काम मी घरीच करायचं ठरवलं. तेरा नंबरचा पाना होता, रविवार होता. पहिला बोल्ट बसवला आणि जीव खाऊन पिळला. दुसरा पिळला. तिसरा कसाबसा गेला. चौथ्याच्या वेळी चौकटीचं भोक आणि गाडीचं भोक यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर. मी चौकट ओढली, ढकलली, तिला समजावून सांगितलं. शेवटी गाडी मेकॅनिककडं नेली. तो माझ्या मुलापेक्षा लहान, पण त्यानं माझे तिन्ही बोल्ट काढून फेकल्यासारखे बाजूला ठेवले.

"काका, आधी सगळे बोल्ट दोन-दोन आटे धरवायचे. पिळायचं सगळ्यांत शेवटी." मग त्यानं आट्यांना निळं औषध लावलं, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट सैल होत नाहीत. लाल औषधही असतं. "ते लावलं तर पुढच्या जन्मी निघतील." शंभर किलोमीटर झाले की पुन्हा दाखवायला या, असंही म्हणाला.

डाव्या बाजूला काम अडलं. चौकट साडी गार्डला लागत होती. साडी गार्ड म्हणजे मागच्या चाकाशेजारची ती जाळी. मागं बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. मेकॅनिकनं विचारलं, "काढू?"

मी म्हणालो, "काढ."

एवढंच. 'काढ' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मी विचार केला नाही. त्यानं ती जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली आणि मी ती घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. हेही नको होतं.

"हे काय?" सौ.नं विचारलं.

"साडी गार्ड. आता लागत नाही."

"कोणाला लागत नाही?"

मी पेट्यांचं वर्णन करू लागलो. डावीकडं पंचेचाळीस, उजवीकडं अडतीस... तिनं कागद उलगडून जाळी पाहिली, पुन्हा गुंडाळली. "म्हणजे त्र्याऐंशी लिटर जागा केलीत," ती म्हणाली, "त्यात माझी कुठं दिसत नाही."

हे खरं होतं. डावीकडं पेटी आली की एका बाजूला बसायची सोय संपली. पाय सोडायचे तिथंच पंचेचाळीस लिटर. आणि आमची ही लग्नानंतर तेहेतीस वर्षं एका बाजूलाच बसत आली. आधी स्कूटरवर, मग मोटारसायकलवर. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी. लडाखचा बेत ठरला त्या बाकावर आम्ही तिघंच होतो. घरी सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. सांगणं आणि विचारणं यांतला फरक मी बँकेत शेकडो कर्जदारांना समजावून दिला होता.

दोन दिवस घरात फार सुंदर शांतता होती. भाजीत मीठ बरोबर असे, चहा वेळेवर येई, आणि मला काहीही विचारलं जात नसे. तिसऱ्या दिवशी मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून बसलो. नियम १२३ : मागं माणूस बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्या कोणा कारकुनाला जे सुचलं, ते मला पेठेतल्या गॅरेजमध्ये उभं राहून सुचलं नव्हतं. गाडी पुन्हा मेकॅनिककडं. त्यानं लांब बोल्ट आणले, चौकट आणि गाडी यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरचे बुश घातले आणि जाळी आतल्या बाजूनं परत बसवली.

हे बुश मला पुढं भोवले. पेट्यांसकट गाडीची रुंदी मी आधी टेपनं मोजली होती, अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. आमच्या सोसायटीचं छोटं फाटक बरोबर एक मीटरचं. बुश धरून रुंदी शंभर झाली, हे मी विसरलो. शंभरातून शंभर गेले की शून्य उरतं असं शाळेत शिकवतात. इथं ओरखडा उरला. पेटीला एक आणि फाटकाला एक. वॉचमन म्हणाला, "साहेब, मोठं फाटक उघडलं असतं की." मला दूधवाले मामा आठवले.

जाळी परत बसली, तरी बसायचा प्रश्न होताच. तो सौ.नंच सोडवला. सकाळी दूध घेताना तिनं विचारलेलं मी आतून ऐकलं. "मामा, तुमची मंडळी गाडीवर कुठं बसते हो?"

"मधी. दोन्ही कॅनच्या मधी. नववारीचा कासोटा घातला, की घोड्यावानी."

सौ. काही बोलली नाही. संध्याकाळी ती सलवार-कमीज आणि लेकीचे जुने बूट घालून खाली आली. आता अशा गाडीवर चढणं म्हणजे काय ते सांगतो. पुढं मी, मागं वरचा डबा, बाजूंना पेट्या; मध्ये बाईला पाय पलीकडं टाकायला जी फट उरते तीत मांजरही विचार करून शिरेल. पहिल्या खेपेला तिची टाच उजव्या पेटीवर आपटली, गाडी कलली, आणि दोनशे किलो लोखंड, पेट्या व संसार मी एका पायावर तोलून धरला. दुसऱ्या खेपेला वॉचमनच्या सूचनेवरून गाडी कट्ट्याला लावली आणि ती कट्ट्यावरून थेट आत उतरली. सोसायटीतल्या चार बायका गॅलरीत होत्या. त्या टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी आपापल्या नवऱ्यांना हाका मारल्या.

पहिली फेरी लडाखची नव्हे, ताम्हिणी घाटातून दिवेआगरची. निघायच्या आधी मागचं स्प्रिंग कडक करून घेतलं, चाकांत हवा वाढवली. सामान भरण्याचं काम सौ.कडं. तिनं दोन्ही पेट्या स्वयंपाकघरात आणून स्नानगृहातल्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि चटणीचा डबा इकडून तिकडं करत काटे जुळवले. कपडे मात्र आत पिशव्या न घालता तसेच ठेवले, आणि ॲल्युमिनियम घासलं की काळी भुकटी सोडतं हे आम्हांला माझ्या पांढऱ्या लेंग्यावरून समजलं. स्टीलचा डबा धातूच्या पेटीत वाजतो. पौडपर्यंत भजनी मंडळ बरोबर असल्यासारखं वाटत होतं. आणि श्रीखंड उजव्या पेटीत, म्हणजे सायलेन्सरच्या शेजारी ठेवलं होतं. घरून निघालं तेव्हा ते श्रीखंड होतं, माणगावला पियूष झालं. आम्ही ते पेल्यांतून प्यायलो.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. मुळशीच्या पुढं रस्त्याच्या उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसू लागलं तशी ती मागून खांद्यावर थापट्या मारू लागली. मी घाबरून गाडी थांबवली. वाटलं, पाय भाजला असावा.

"अहो, जाताना तळं दिसतंय!"

"तळं कुठं जाणार?"

"तसं नाही हो. स्कूटरवरून दोनदा आलो होतो ना इथं. जाताना मला नुसता डोंगर दिसायचा. तळं येताना. तेहेतीस वर्षं जाताना मी डावीकडचंच बघितलंय. सिंहगडाला जाताना उजवीकडं काय आहे, मला ठाऊक नाही."

मी पुढं तोंड करून बसलो होतो, त्यामुळं माझा चेहरा तिला दिसला नाही हे बरं झालं. गाडी सुरू केली. घाटात तिनं मला उजवीकडचं सगळं वाचून दाखवलं : धबधबा, माकड, भजीची गाडी, पुन्हा धबधबा.

येताना दिवेआगरहून आठ नारळ आणले. चार इकडं, चार तिकडं. आमसुलं आणि पोह्याचे पापड वरच्या डब्यात. पौडजवळ चहाला थांबलो तर दूधवाले मामा गावाकडं परतत होते. रिकामे कॅन, मध्ये त्यांची मंडळी, कासोटा घालून. दोघी बायकांनी एकमेकींच्या गाड्या नीट पाहिल्या. मामी सौ.ला म्हणाल्या, "तुमचं बरं हाय. पाठ टेकायला मागं डबा हाय. आमाला काय न्हाई."

"टणक आहे हो फार," सौ. म्हणाली.

बाकावरच्या मंडळींना मी आता कळवलं आहे की लडाखला आम्ही दोघं येणार. त्यावर दोघांनी घरी जाऊन सांगितलं, आणि दोघांनाही घरी एकेक प्रश्न विचारला गेला. बेत पुढल्या वर्षावर गेला आहे. सध्या मी डब्याला पाठीशी गादी लावून घेण्याच्या खटपटीत आहे. मेकॅनिक म्हणतो, लावून देतो, पण मग डब्याचं झाकण उघडायचं झालं की दर वेळी काकूंना खाली उतरावं लागेल. हे मी अजून घरी सांगितलेलं नाही. विचारणार आहे.